बीगलला पट्ट्याविना मोकळं सोडण्याइतका भरवसा कधी येतो का?

प्रश्न: झिपरीचा_बाबा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दीड वर्षाची बीगल आहे, झिपरी. घरात एका हाकेला येते. चारही बाजूंनी कुंपण असलेल्या मैदानात सोडली तर तिथेही येते, कान उडवत, धावत. पण उघड्यावर, गवतात किंवा झाडीत वास लागला की तिच्या लेखी मी तिथे नसतोच.

हे कसं होतं ते नीट सांगतो, कारण रोज बघतो. आधी ती मजेत इकडेतिकडे बघत चालत असते. मग एकदम नाक खाली जातं. शेपूट ताठ उभी राहते आणि टोकाचा पांढरा भाग थरथरायला लागतो. श्वासाचा आवाज बदलतो, भराभर फुसफुस ऐकू येते. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे आणि मग सरळ रेषेत जोराची ओढ. त्या वेळी नावाने हाक मारा, शिट्टी वाजवा, चिकनचा तुकडा अगदी नाकासमोर धरा, ती मान बाजूला करून पुढे जाते. चिकनकडे बघतसुद्धा नाही.

दोन प्रशिक्षकांना विचारलं. एक म्हणाले, रिकॉल (हाकेला परत येणं) पक्का करा, कुठलाही कुत्रा पट्ट्याविना चालू शकतो. दुसरे म्हणाले, हाउंड आहे, म्हणजे वासावर माग काढणारा शिकारी कुत्रा, विषय डोक्यातून काढा. मी मध्येच अडकलोय. तिला पळताना बघितलं की इतका आनंद होतो की जन्मभर पट्ट्याला बांधून ठेवायचं या विचाराने जीव खालीवर होतो. ज्यांनी हाउंड जातीचे कुत्रे वर्षानुवर्षं सांभाळलेत त्यांनी कृपया सांगा: असा भरवसा येतो का? आणि येत नसेल तर तिचं सुख कशात शोधायचं?

प्रतिसाद: रानवाट

माझ्याकडे बॉर्डर कॉली आहे आणि तो लहान असल्यापासून पट्ट्याविना फिरतो. हरीण समोरून गेलं तरी एका शिट्टीवर खाली बसतो. सातत्य ठेवा, रोज सराव करा, बक्षीस चांगलं द्या. जातीचा बाऊ करू नका असं माझं मत. दुसऱ्या प्रशिक्षकांनी फार लवकर हात टेकले असं वाटतं.

प्रतिसाद: नाकावाटे

रानवाट, तुमच्या कॉलीचं तुम्ही सांगता ते पटतं, पण ते जसंच्या तसं झिपरीला लावता येणार नाही. दोन प्रशिक्षकांनी दोन टोकाची उत्तरं दिली त्याचं मूळही इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी बरीच वर्षं बीगल सांभाळतेय, आणि आता घरात ढमी नावाची बीगल आणि भोपू नावाचा बॅसेट हाउंड आहे. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मेंढ्या राखणारा कुत्रा माणसाच्या इशाऱ्यावर काम करतो. डावीकडे, उजवीकडे, थांब, खाली बस. ज्या पिल्लांना माणसाकडे बघत काम करण्याची ओढ जास्त, त्यांचीच पुढे पैदास होत गेली. हाउंडचं काम बरोबर उलटं. ससा दिसत नाही, फक्त त्याचा वास जमिनीवर राहिलेला असतो. तो कुत्र्याने काढायचा आणि माणसाने मागून जायचं. बीगलच्या टोळीमागे शिकारी पायी धावत, फॉक्सहाउंडच्या मागे घोड्यावरून. बॅसेट आखूड पायांचा, म्हणून चालत जाणाऱ्याला त्याच्या मागे राहता येई. कूनहाउंडचं तर काम असं, की रॅकून या रानटी प्राण्याला झाडावर चढायला लावायचं आणि शिकारी कितीही मागे असला तरी तो पोचेपर्यंत बुंध्याशी उभं राहून ओरडत राहायचं. यात दर दहा पावलांवर मागे वळून मालकाचं तोंड बघणारा कुत्रा काय कामाचा? त्याचा माग तुटला असता. म्हणून वास सोडून माणसाकडे न वळणारे कुत्रे निवडले गेले, आणि हे एकदोन पिढ्या नाही, शतकानुशतकं चाललं. झिपरीच्या शेपटीचं जे पांढरं टोक तुम्ही सांगितलंत, तेसुद्धा बीगलच्या जातिमानकात लिहिलेलं आहे. उंच गवतात बाकीचा कुत्रा दिसेनासा झाला तरी ते टोक दिसतं.

त्यामुळे तिला कोणी हट्टी म्हटलं तर मला मनापासून वाईट वाटतं. ती तिचं काम चोख करते आहे.

आता नाकाबद्दल. कुत्रा हुंगतो तेव्हा सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत-बाहेर करतो. आत जाणाऱ्या हवेचा काही भाग फुप्फुसाकडे न जाता थेट नाकाच्या मागच्या टोकाला, वास ओळखणाऱ्या पापुद्र्यांपर्यंत जातो. बाहेर पडणारी हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून निघते, म्हणजे पुढचा वास फारसा विस्कटत नाही. माणसाच्या शरीरात वास ओळखणारी चालू स्थितीतली जनुकं सुमारे ४००, कुत्र्यात त्याच्या दुप्पट. हे सगळं बहुतेक सगळ्याच कुत्र्यांकडे आहे. हाउंडचं वेगळेपण असं की एकदा वास मिळाला की त्याला दुसरं काही नको असतं. तुम्ही चिकन नाकासमोर धरलंत आणि तिने मान बाजूला केली, हे वाचून मी मान डोलावली. माग काढणं हेच तिच्यासाठी बक्षीस आहे, आणि ते चिकनपेक्षा मोठं आहे. गोष्टीत बुडालेल्या मुलाला स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू येत नाही, तशातली ही गत. कान उघडे असतात, लक्ष दुसरीकडे असतं.

म्हणून ‘बक्षीस वाढवा’ हा सल्ला इथे अर्धाच उपयोगी. वेळ जास्त महत्त्वाची.

तुम्ही जे टप्पे लिहिलेत ना, तेच परत वाचा, उत्तर त्यातच आहे. नाक खाली गेलं आणि ती नागमोडी फिरते आहे, तोवर ती वास शोधते आहे. अजून सापडलेला नाही. या काही क्षणांत हाक पोचते. नागमोड बंद होऊन सरळ रेष सुरू झाली की सापडला. त्यानंतर आवाज फुटतो, बीगलचा तो लांबलचक हेल. सरळ रेष सुरू झाल्यावर हाक मारूच नका. आली नाही की ‘इकडे ये’ या शब्दाला अर्थ नाही एवढंच ती शिकते, आणि प्रत्येक वाया गेलेल्या हाकेने तो शब्द आणखी पातळ होतो. त्यापेक्षा गप्प राहून दोरी धरत धरत तिच्यापर्यंत चालत जावं, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) हात लावावा, दोन क्षण तिच्याबरोबर उभं राहावं आणि मग शांतपणे वळवावं. ढमीच्या बाबतीत मी आजही हेच करते.

दोरी म्हणतेय ती लाँग लाइन, दहा किंवा पंधरा मीटरची. माझ्या मते हाउंड सांभाळणाऱ्याच्या घरात हीच सगळ्यात मोलाची वस्तू आहे, म्हणून यावर थोडा वेळ घेते. ती नेहमी पाठीवर कडी असलेल्या हार्नेसला लावायची, गळपट्ट्याला कधीच नाही. पंधरा मीटर धावून आलेला कुत्रा दोरीच्या टोकाला अडकला तर तो सगळा झटका मानेवर बसतो. बटण दाबून आत ओढणारी ती डबीतली दोरी यासाठी नको. तिच्यात सतत ताण असतो, त्यामुळे ओढलं की दोरी वाढते एवढंच कुत्रा शिकतो. लाँग लाइन ढिली, जमिनीवर लोळत राहायला हवी. हातात मोजे घाला. दोरी बोटांना किंवा मनगटाला गुंडाळू नका, घड्या करून तळहातावर धरा. टोकाला हातात धरायचा फास असतो तो मी कापून टाकते, कारण दोरी हातातून सुटून झुडपात ओढत गेली तर तोच फास फांदीत अडकतो. ओली झाल्यावर फुगत नाही अशी गुळगुळीत, प्लास्टिकचं आवरण असलेली पट्टी कापडी दोरीपेक्षा बरी. चिखलात लोळली तरी पुसली की स्वच्छ.

सराव कुठे सुरू करायचा हे बहुतेक जण चुकीचं ठरवतात. पहाटे दव पडलेल्या, वारा नसलेल्या गवतात वास जमिनीलगत धरून राहतो, ती हाउंडसाठी सगळ्यात अवघड वेळ. भर दुपारी, कोरड्या, आखूड गवतावर वास कमी टिकतो. तिथून सुरुवात करा. तिथे दर वेळी यायला लागली की ऊन कलतानाची वेळ, मग झाडीची कड, आणि शेवटी ओली सकाळ. ही शिडी चढायला महिने लागतात.

हाकेसाठी घरात न वापरलेला एक नवा शब्द किंवा शिट्टी घ्या. तिने आंघोळीला, नखं कापायला किंवा घरी परतायला तो कधीही ऐकू नये. एकदाच वाजवायची. आली की काहीतरी खास खायला द्या, आणि मग, हे मुख्य, तिला परत त्याच वासाकडे पाठवा. ‘जा, शोध’ म्हणा. हाक म्हणजे मजा संपली असं तिच्या मनात बसलं तर ती का येईल? हाकेनंतर दहापैकी नऊ वेळा पुन्हा हुंगायला मिळतं, हे तिला कळलं की हाक तिच्या शत्रूच्या यादीतून बाहेर पडते. न बोलावता ती स्वतःहून मागे वळून तुमच्याकडे बघेल, त्या प्रत्येक नजरेलाही बक्षीस द्या.

वयाचंही एक लक्षात घ्या. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी मार्गदर्शक कुत्रे म्हणून वाढवल्या जाणाऱ्या पिल्लांवर अभ्यास प्रसिद्ध केला. आठ महिन्यांची पिल्लं पाच महिन्यांच्या मानाने आपल्याच माणसाची आज्ञा कमी पाळत होती, अनोळखी माणसाची मात्र नाही. ते लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर होते, म्हणजे आज्ञाधारक म्हणून ख्याती असलेल्या जाती. झिपरी दीड वर्षाची आहे, त्या वयातून बाहेर पडायच्या बेतात. आजच्या वागण्यावरून कायमचा निकाल लावू नका.

आता मूळ प्रश्न. माझं उत्तर सरळ आहे. रस्ता, रेल्वे किंवा कडा जवळ असेल तिथे मी माझ्या हाउंडला पट्ट्याविना सोडत नाही, मग रिकॉल कितीही पक्का असो. माग धरलेली बीगल ताशी २० किलोमीटरने निघाली तरी तीन मिनिटांत एक किलोमीटर पार. तेव्हा ‘रस्ता लांब आहे’ म्हणताना लांब म्हणजे किती, हे डोळ्यांनी नाही, नकाशावर बघा. कुंपण असलेल्या जागेत मनसोक्त सोडते. आधी कुंपणाचा खालचा काठ चालत तपासते, कारण बीगल कुंपणावरून कमी आणि खालून जास्त जाते. बाकी सगळीकडे लाँग लाइन. भरवसा माझा ढमीवर पूर्ण आहे. ती वासामागे जाईल हा तो भरवसा, आणि त्याच्यावरच मी सगळी व्यवस्था बेतलेली आहे.

प्रतिसाद: संथपावली

नाकावाटे ताई, दोरीबद्दलचं सगळं मान्य, पण निष्कर्षाशी थोडा असहमत आहे. माझा बॅसेट नऊ वर्षांचा आहे आणि जंगलातल्या वाटेवर मोकळाच चालतो. वास लागतो, थोडा आत जातो, हेल काढतो, आणि मी वाटेवर उभा राहिलो की परत येतो. त्याला कधी दोरी लावावी लागली नाही. प्रत्येक कुत्रा वेगळा असतो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या वर्गवारीत सहाव्या गटात बीगल आणि ब्लडहाउंड आहेत, आणि त्याच गटात डाल्मेशियन आणि ऱ्होडेशियन रिजबॅकही आहेत. डॅशहंडला तर वेगळाच, चौथा गट. गटाच्या नावावरून एका कुत्र्याचं आयुष्य ठरवू नये असं मला वाटतं. झिपरीच्या बाबांनी तिला संधी तरी द्यावी.

प्रतिसाद: नाकावाटे

दादा, गटाच्या नावावरून ठरवू नये हे शंभर टक्के मान्य. कुत्रा बघूनच ठरवायचं. तुमचा बॅसेट नऊ वर्षांचा, जड हाडाचा, एकटा आणि ओळखीच्या वाटेवरचा. या चारही गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. भोपूही तसा फार लांब जात नाही. पण भोपू आणि ढमी दोघं एकत्र असले की तोच भोपू वेगळा होतो, कारण टोळीने पळणं त्यांच्या रक्तात आहे आणि एकाने हेल काढला की दुसरा आपोआप निघतो. म्हणून ज्यांच्याकडे दोन हाउंड आहेत त्यांना मी कळकळीने सांगते: एकेकट्याचा अनुभव दोघांना लावू नका.

दुसरं, जंगलात धोका फक्त आपल्या कुत्र्याला नसतो. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, पिल्लं लपवून ठेवलेली हरणी, यांच्यासाठी हेल काढत येणारा हाउंड ही मोठी आपत्ती आहे, त्याने कोणाला तोंड लावलं नाही तरीही. विणीच्या काळात मी तिथे लाँग लाइनसुद्धा आखडती घेते. माजावर असलेल्या, नसबंदी न झालेल्या कुत्रीला मोकळं सोडणं तर कुठेच नाही. हे झिपरीला लागू असेल तर लक्षात ठेवा.

प्रतिसाद: झिपरीचा_बाबा

ताई, किती मनापासून लिहिलंत. नागमोड आणि सरळ रेष यातला फरक मी रोज बघत होतो, पण त्याचा असा उपयोग सुचला नव्हता. आज संध्याकाळी नागमोड चालू असतानाच शिट्टी वाजवली. वळली! परत वासाकडे पाठवली तर माझ्याकडे क्षणभर अशी बघत राहिली की मी काहीतरी अशक्य बोललोय.

एक प्रश्न उरतो आणि तो मनातून जात नाही. हार्नेसची कडी तुटली, दोरी सुटली, दार उघडं राहिलं, काहीही झालं आणि ती वासामागे निघून गेली, तर पहिल्या मिनिटाला मी काय करायचं? तिच्या मागे पळायचं का?

प्रतिसाद: मागकरी

मी हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या पथकात कुत्र्याबरोबर काम करतो, म्हणून याचं उत्तर मी देतो. मागे पळू नका. तुम्ही तिला गाठू शकणार नाही, आणि मागून येणारा आवाज म्हणजे टोळी सोबत आहे असं तिला वाटू शकतं. ती नजरेआड झाली ती जागा पक्की करा. खूण ठेवा, फोनवर ठिकाण नोंदवा, आणि एकाने तिथेच थांबा.

कारण सांगतो. चेक संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा जातींच्या २७ शिकारी कुत्र्यांना जीपीएस आणि कॅमेरा लावून जंगलात सोडलं, आणि सहाशेहून जास्त वेळा ते मालकापासून लांब जाऊन कसे परततात ते नोंदवलं. जवळपास साठ टक्के वेळा कुत्रे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने, स्वतःचाच माग काढत परत आले. साधारण एक तृतीयांश वेळा नव्या वाटेने आले, आणि त्यातल्या बहुतेक वेळा निघताना आधी वीसेक मीटर उत्तर-दक्षिण दिशेने पळून मग वळले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा लावत असावेत असा संशोधकांचा अंदाज. मला यातलं कामाचं हेच, की दोन्ही पद्धतींत कुत्रा मालकाला शेवटचं सोडलं त्या जागेकडे येतो. तुम्ही पळत दुसरीकडे गेलात तर तो आल्यावर तिथे कोणीच नसतं.

रात्र झाली आणि थांबणं शक्य नसेल तर अंगातला, दिवसभर घातलेला सदरा किंवा जाकीट तिथे जमिनीवर ठेवा, जवळ पाणी ठेवा. हाउंड घेऊन शिकार करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत, आणि पहाटे कुत्रा त्या कपड्यावर झोपलेला सापडतो असं ते सांगतात. दुसऱ्या माणसाला त्याच वेळी जवळच्या रस्त्याकडे पाठवा. तिचा आवाज येत असेल तर दिशा आणि वेळ लिहून ठेवा. बीगलचा हेल लांबवर ऐकू येतो, आणि आवाजाची दिशा वळली की माग वळला.

साधनांबद्दल दोन गोष्टी. कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ती कुठे आहे हे सांगत नाही, ती कोणाची आहे एवढंच सांगते, आणि तेही कोणी तिला धरून यंत्राखाली नेल्यावर. म्हणून गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच. जीपीएस लावणार असाल तर आधी तपासा की ते मोबाइल नेटवर्कवर चालतं का. बहुतेक घरगुती उपकरणं तशीच असतात आणि नेटवर्क नसलेल्या दरीत गप्प होतात. शिकारी वापरतात ते रेडिओवर चालणारे, हातात वेगळा रिसीव्हर असलेले पट्टे नेटवर्कवर अवलंबून नसतात. कुठलंही लावा, ते ठिकाण दाखवतं, गाडी थांबवत नाही. जीपीएस आहे म्हणून दोरी सोडणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्यांची काळजी वाटते.

आणखी एक. परत आली की रागावू नका. वीस मिनिटांनी असो की रात्रभराने, ती येते त्या क्षणी जे मिळेल ते ‘परत येण्याचं’ फळ असं तिच्या मनात नोंदलं जाईल.

जाता जाता संथपावलींना: आमच्या कामात माणसाचा माग काढणारे ब्लडहाउंड हार्नेस आणि लांब दोरीवरच काम करतात, सरावलेले, परीक्षा दिलेले कुत्रेसुद्धा. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगलचं पथक सुरू केलं, प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस शोधायला. गर्दीत शांत राहणारे, निवडून घेतलेले बीगल, रोजचं प्रशिक्षण, आणि तरीही ते पट्ट्यावर चालतात. माणूस दुसऱ्या टोकाला असल्याने त्यांचं काम कमी झालेलं नाही.

प्रतिसाद: संथपावली

मागकरी, कपड्याचं माहीत होतं, पण त्याचं कारण आत्ता कळलं. दोन हाउंड एकत्र असल्यावर वेगळे वागतात हेही पटलं, मेहुण्याची बीगल आली की आमचाही म्हातारा जागा होतो. मी माझ्या बॅसेटला मोकळाच नेणार, पण झिपरीच्या वयाच्या बीगलला नेईन का? नाही. तेवढं माझं आधीचं वाक्य मागे घेतो.

प्रतिसाद: झिपरीचा_बाबा

मग शेवटचं विचारतो, आणि हेच मला सगळ्यात जास्त बोचतं. मोकळं धावणं नाही तर तिचं आयुष्य अर्धवट नाही का राहणार?

प्रतिसाद: नाकावाटे

नाही राहणार, आणि हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणून लिहीत नाही. तुम्हाला ती धावताना आनंदी दिसते कारण धावणं आपल्याला दिसतं. नाकाचं सुख आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण ते मोजत नाही. पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या दोन संशोधक बायांनी २०१९ मध्ये पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे वास शोधण्याचा खेळ दिला, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी नीट चालण्याचा सराव. आधी आणि नंतर त्यांच्यासमोर एक भांडं ठेवलं, भरलेलं की रिकामं ते कळणार नाही अशा जागी. वास शोधणारे कुत्रे नंतर त्या भांड्याकडे जास्त लवकर जायला लागले, म्हणजे काहीतरी चांगलं असेल अशी आशा त्यांच्यात वाढली होती. पायाशी चालणाऱ्यांमध्ये तसा बदल झाला नाही.

तेव्हा झिपरीला माग द्या. घरातलं कोणीतरी गवतातून चालत जाऊन झाडामागे लपेल, वाटेत मोजा टाकेल, शेवटी भरपूर खाऊ घेऊन बसेल. तुम्ही तिला मोज्याचा वास द्या, हार्नेसला लाँग लाइन लावा आणि तिच्या मागे चाला. मागे, पुढे नाही. वळण कुठे घ्यायचं ते ती ठरवेल. ती चुकली तर लगेच सुधारू नका, थांबा. डोकं वर करेल, गोल फिरेल, पुन्हा नागमोड, आणि मग सरळ रेष. ज्या सरळ रेषेला तुम्ही घाबरता, तिथे तुम्ही तिच्याबरोबर असाल. सुरुवातीला आखूड, ताजा माग ठेवा, वीसपंचवीस पावलांचा. मग लपणाऱ्याने निघून गेल्यावर दहा मिनिटं थांबून सुरू करा, मग अर्धा तास. वळणं वाढवा. ढमी अशा एका मागानंतर जशी गाढ झोपते तशी तासभर पळाल्यावर झोपत नाही.

या खेळासाठी हार्नेस वेगळा ठेवा, रोजच्या फिरण्याचा नको. तो हातात घेतला की आज नाक चालवायचं आहे हे तिला कळतं, आणि साध्या फिरण्यात ती थोडी कमी ओढायला लागते. कडी पितळी किंवा स्टीलची, स्क्रूने बंद होणारी घ्या. दाबून उघडणारी हलकी कडी झुडपात घासून उघडू शकते. ती दर वेळी निघण्याआधी बोटाने फिरवून बघत जा.